चहाला थांबलं की पद्मिनी परत सुरू होत नाही: ओलं फडकं टाकण्याआधीची दोन मिनिटं

तक्रार अशी आहे. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. अमळनेरहून निघालं की पारोळ्यापर्यंत पन्नास-पंचावन्नच्या वेगाने छान पळते, तापमानाचा काटा मध्यावर, कुठे मिसिंग नाही. पारोळ्याला चहासाठी दहा-पंधरा मिनिटं थांबून परत बसलो की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पकडलंच तर शंभर-दोनशे मीटर जाऊन झटके देतं आणि बंद पडतं. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मार्च ते जून हा त्रास, पावसाळ्यात क्वचित, थंडीत अजिबात नाही.

जुनी फियाट, पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर घरी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असेल. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, डांबरी रस्त्यावरची हवा त्याहून तापलेली असते, म्हणून आपल्याकडे हा त्रास पुण्या-नाशिकच्या मंडळींपेक्षा जास्त. उपायही सगळ्यांना माहीत आहे. बोनट उघडायचं, फडकं ओलं करून एसी पंपावर, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणाऱ्या पंपावर ठेवायचं, थांबायचं. माझं सांगणं एवढंच आहे की ते फडकं ठेवण्याआधी दोन मिनिटं तपासाला द्या. पंप थंड झाला की गाडी सुरू होते, पण बिघाड कुठे आहे ते सांगणारा पुरावाही त्याच वेळी नाहीसा होतो.

माझी गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. नानांनी घेतलेली. ते गेल्यावर नऊ वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दोन वर्षांत मी तिचा तळाचा गंजलेला पत्रा बदलला, वायरिंग नव्याने ओढलं, इंजिन धुळ्याला एका जुन्या मिस्तरीकडून खोलून घेतलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. पहिल्याच उन्हाळ्यात वर सांगितलेला त्रास सुरू झाला आणि मी एकेक पार्ट बदलत गेलो. आधी कॉइल, मग पॉइंट आणि कंडेन्सर (हे तिन्ही स्पार्कसाठीचे पार्ट), मग पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरचं किट, मग एसी पंप, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा एसी पंप. प्रत्येक वेळी वाटलं, आता झालं. कारण उघड आहे: पार्ट बदलेपर्यंत तास-दोन तास जातात, तेवढ्यात इंजिन निवतं, गाडी सुरू होते आणि शेवटी जो पार्ट हातात होता त्याला श्रेय मिळतं. पुढच्या उन्हात गाडी पुन्हा तिथेच. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं हाच घोळ चाललाय, त्यांनी हे आधी मनाशी पक्कं करावं. थंड गाडीवर केलेली दुरुस्ती तापलेल्या गाडीवरच तपासली पाहिजे.

आता ती दोन मिनिटं.

गाडी बंद पडली की पहिलं काम पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडणं. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीने बुजलं असेल तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उपसलं जातं तसा आत ओढा तयार होतो आणि पंप थकतो. झाकण फिरवताना ‘स्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर तुमचा प्रश्न एका सुईने सुटला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात जी धूळ उडते ती पाहता हे छिद्र दर उन्हाळ्यात एकदा साफ करावंच.

झाकणाने फरक पडला नाही तर चावी बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने एकदा अॅक्सिलरेटरची दांडी ओढा. बारीक नळीतून पेट्रोलची धार उडायला हवी. त्या वेळी शेजारी कोणी विडी ओढत नाही ना ते बघा, आणि तुमचं तोंड कार्बोरेटरवर असताना कोणालाही सेल्फ मारू देऊ नका. इंजिन उलटं पेटलं तर ज्वाळा थेट चेहऱ्यावर येते.

या एका धारेवरून तीन वाटा फुटतात.

धार आलीच नाही, तर कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी आहे. पेट्रोल इथवर पोचलेलंच नाही. स्पार्ककडे बघायचं कारण नाही, कॉइल-कंडेन्सरला हात लावू नका. बिघाड टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर आहे.

धार आली, वासही नेहमीएवढाच आहे, तर मग स्पार्क बघा. तापल्यावर दम सोडणारा कंडेन्सर आणि कॉइल या दोघांची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. कॉइल मल्टिमीटरने गरम असतानाच मोजा. बॅलास्ट (बाहेरून जोडलेला रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत. गरम असताना आकडा भरकटला किंवा काहीच दाखवलं नाही, आणि थंड झाल्यावर पुन्हा बरोबर आला, तर ती कॉइलच दोषी. कंडेन्सर मोजत बसण्यापेक्षा एक चालू कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि जागेवर बदलून बघा.

तिसरी वाट लोक विसरतात. धार येते आणि बोनट उघडताच पेट्रोलचा उग्र वास येतो. इथे पाइपात वाफ धरून पेट्रोल अडलेलं नसतं. उलट कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटच्या बारीक छिद्रातून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळ्यांत, सांडलेलं असतं आणि इंजिन त्यात बुडालेलं असतं. अशा वेळी आपण घाबरून अॅक्सिलरेटर पंपासारखा दाबतो आणि प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत ओततो. करायचं असं: पेडल एकदाच सावकाश तळापर्यंत दाबा, तिथेच धरून ठेवा, चोक पूर्ण आत, आणि सेल्फ मारा. जास्तीची हवा आत जाते, पाच-सहा सेकंदांत इंजिन खोकतं आणि पकडतं. पेट्रोलचा वास जोरात येत असताना प्लग काढून बाहेर स्पार्क पाडून बघण्याचा प्रयोग मात्र करू नये.

म्हणजे उन्हामुळे होणारे दोन बिघाड एकमेकांच्या अगदी उलट आहेत, एकात पेट्रोल मिळत नाही आणि दुसऱ्यात जास्त मिळतं. ओलं फडकं आणि अर्धा तास या दोन्हींना लागू पडतं, म्हणूनच त्यावरून काही कळत नाही.

माझ्या गाडीत धार नव्हती. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा घसा कोरडा. तिथून पुढे काम सोपं झालं.

थोडं शास्त्र सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नेमकी जागा सापडत नाही. पेट्रोल हा पाण्यासारखा एकच द्रव नाही. त्यात अनेक घटक मिसळलेले असतात. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात, जड घटकांना २०० च्या जवळ जावं लागतं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० च्या वर उकळतं, याच्या उलट दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पद्मिनीची टाकी मागे, पंप पुढे इंजिनच्या ब्लॉकवर. हा पंप पेट्रोल ढकलत आणत नाही, गाडीच्या लांबीएवढ्या पाइपातून ओढून आणतो. म्हणजे टाकी ते पंप या सगळ्या वाटेवर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. पेट्रोल उकळायला हीच जागा सगळ्यात सोयीची. पंपाच्या पुढे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या छोट्या पाइपात दाब असतो, तिथे ते तितक्या सहज उकळत नाही. आणि वाफ एकदा पंपात शिरली की डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, वर-खाली होत राहतो, ती वाफ दबते-फुगते, पण पेट्रोल पुढे सरकत नाही.

चहाला थांबल्यावरच हे का होतं? चालत्या गाडीत पंखा हवा फिरवतो, पाणी फिरतं, आणि टाकीतून सतत येणारं तुलनेने थंड पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की तिन्ही गोष्टी थांबतात, पण ब्लॉकमधली उष्णता तशीच असते आणि ती आजूबाजूच्या सगळ्या धातूत चढत जाते. मी इन्फ्रारेड थर्मामीटर लावून बघितलं. गाडी घरी आणून थांबवली तेव्हा पंपाचं अंग ५८ अंश होतं, बंद करून १५ मिनिटं झाली तेव्हा ७४. चहाचा एक कप आणि दोन गप्पा यांना लागतो तेवढाच हा वेळ.

आता बिघाड वाटेवर नेमका कुठे, हे शोधायला मी मेच्या दुपारी शेडबाहेर एक प्रयोग केला. अनुभव नसेल तर तो मिस्तरी सोबत असतानाच करा. अग्निशामक जवळ ठेवला, बॅटरीच्या टर्मिनलची पकड तपासली, घरातली मुलं आत पाठवली. मागून येणारा पाइप पंपाजवळ काढून त्याचं तोंड बंद केलं आणि पंपाला नवा हातभर होज लावून तो घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या पत्र्याच्या कॅनमध्ये सोडला. कॅन गाडीपासून लांब, सावलीत. इंजिन तापवलं, बंद केलं, पंधरा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. सुरू. पुन्हा तापवलं, पुन्हा थांबलो, पुन्हा सुरू. तोच पंप, तोच कार्बोरेटर, तेच ऊन. दोन वेळा बदललेल्या पंपाचा यात मुख्य दोष नव्हता. दोष मागच्या पाइपात होता.

पाइप पूर्ण काढला. पेट्रोल निथळून जाऊ दिलं, रात्रभर उघड्यावर ठेवला, दुसऱ्या दिवशी एका टोकाला रबरी बूच ठोकलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावला आणि पाइप वेटोळा न करता गुरांच्या हौदात बुडवला. हलका दाब दिला. टाकीकडच्या टोकाला जिथे लोखंडी पाइप संपून बोटभर रबरी होज लागतो, तिथल्या क्लिपखालून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. होज वरून काळाकुळकुळीत, चांगला दिसत होता. बाहेर काढून वाकवला तेव्हा क्लिपच्या कडेला, उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला पडतात तशा, केसासारख्या भेगा उघडल्या.

इतके दिवस हे का दिसलं नाही? कारण तो ओढणारा पाइप आहे. ढकलणाऱ्या पाइपाला भेग पडली की पेट्रोल ठिबकतं, वास येतो, डाग पडतो. ओढणाऱ्या पाइपाला भेग पडली की बाहेर काहीच येत नाही, हवा आत जाते. थंडीत पंप ती थोडी हवा सहन करून पेट्रोल ओढत राहतो. उन्हात त्यात वाफेची भर पडली की त्याचा दम संपतो. भेग बारा महिने होती, ती उघडी पडायची फक्त वैशाखात.

दुसरी गोष्ट पाइप काढतानाच लक्षात आली. तळाचा पत्रा बदलताना पाइपाच्या मूळ क्लिपा गंजून गळाल्या होत्या आणि मी पाइप तारेने बांधला होता. खड्ड्यांत हादरे बसून तो सायलेन्सरच्या पाइपाकडे सरकला होता, एका ठिकाणी जेमतेम बोटभर अंतर उरलं होतं. त्या जागेवरचा रंग तपकिरी झाला होता. कंपनीने पाइपाला दिलेली वाट विचारपूर्वक दिलेली असते. रिस्टोर करताना खोलण्याआधी फोटो काढून ठेवा, विशेषतः गाडीच्या पोटाखालचे. रंग आणि क्रोमचे फोटो सगळे काढतात, पोटाखालचे कोणी काढत नाही.

तिसरी गोष्ट चाचांनी दाखवली. एसी पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक जाड, तपकिरी, बेकलाइटसारखी पट्टी असते. लोक तिला पॅकिंग समजतात. तिचं खरं काम ब्लॉकची उष्णता पंपात जाऊ न देणं. माझा पहिला पंप बदलला तेव्हा ती पट्टी जुन्या पंपालाच चिकटून भंगारात गेली होती आणि नव्या पंपाखाली नुसतं कागदी पॅकिंग होतं. आणखी एक बाब: पट्टीच्या जाडीवर पंपाची दांडी किती दाबली जाते ते ठरतं. जाड पट्टी लावली तर पंप अर्धवट चालतो, पातळ लावली तर डायफ्राम जास्त ताणला जाऊन फाटतो. तेव्हा ‘दोन लावू, जास्त थंड राहील’ असं करू नका. जुन्याच्या जाडीची, दोन्ही बाजूंना पातळ कागदी पॅकिंग, बस. कार्बोरेटरखालीही अशीच उष्णता अडवणारी पट्टी असते. ती तडकली असेल तर वर सांगितलेला पेट्रोल सांडण्याचा बिघाड होतो.

नवा होज घेताना दुकानदार म्हणतील, पेट्रोलचा पाइप म्हणजे पेट्रोलचा पाइप. तसं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत आलं. आपल्या गाड्यांचं रबर ज्या काळात बनलं त्या काळात पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरतं. माझ्या पहिल्या पंपाचा डायफ्राम काढला तेव्हा तो ओल्या पापडासारखा लिबलिबीत झाला होता. त्यातच इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. होजवर छापलेलं वाचा. ‘एसएई जे ३० आर ९’ असं लिहिलेला होज घ्या, त्याच्या आतला थर इथेनॉल सोसणारा असतो. साध्या होजपेक्षा महाग पडतो, पण सगळ्या गाडीला मिळून मीटर-दीड मीटरच लागतो. डायफ्रामचं किट घेतानाही इथेनॉलला चालणारं आहे का ते विचारा.

मी शेवटी केलं ते असं: लोखंडी पाइप आतून साफ करून जुन्या वाटेने परत बसवला, दर दीड फुटाला रबर लावलेली नवी क्लिप, सायलेन्सरपासून चार बोटं अंतर. जिथे जागा कमी होती तिथे मध्ये पत्र्याचा एक तुकडा, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा. पाइपावर कापडी पट्ट्या गुंडाळण्याची पद्धत मला पसंत नाही, त्या ऑइल-पेट्रोल शोषून बसतात आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. तिन्ही जागचे होज नवे, क्लिपा गोल दाबणाऱ्या, रबर कापणाऱ्या नाहीत. पंपाखाली पट्टी.

इलेक्ट्रिक पंप लावावा का, हे बरेच जण विचारतात. टाकीजवळ लावला तर पाइपातलं पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जातं आणि वाफेचा प्रश्न बराच मिटतो, हे खरं. पण कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी निडल साधारण ३ पीएसआयच्या आसपासच दाब पेलते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर पेट्रोल वाटीतून ओसंडून गरम मॅनिफोल्डवर पडेल. आणि अपघातात इंजिन बंद पडलं तरी हा पंप चालूच राहतो, म्हणून ऑइलचा दाब गेला की पंपाची वीज तोडणारं कट-आउट त्याच्या वायरिंगमध्ये हवंच. हे दोन्ही करायची तयारी असेल तर लावा. माझ्या मते आधी जुनी व्यवस्था होती तशी करून बघावी. पाइपातली भेग तशीच ठेवून त्याच पाइपाला इलेक्ट्रिक पंपाचा दाब दिला तर हवा आत यायची ती जागा आता पेट्रोल बाहेर फवारेल.

रेडिएटरकडेही एकदा बघा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या तळाला पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. इंजिन मुळात जास्त तापत असेल तर वरचे सगळे उपाय अपुरे पडतील. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. स्पार्कचं टाइमिंग मागे गेलेलं असेल तरी मॅनिफोल्ड जास्त तापतो, तेही तपासून घ्या.

दुरुस्तीनंतरची परीक्षा मी मुद्दाम वाईटात वाईट वेळी घेतली. मेचा तिसरा आठवडा, दुपारी दोन वाजता घरून निघालो, पारोळ्यावरून हायवेला लागून फागण्याच्या पुढे एका टपरीवर गाडी उन्हातच उभी केली. बोनट उघडलं नाही. टपरीवाल्याने विचारलं, ‘‘काय व्हयनं भाऊ, बंद पडनी का?’’ म्हटलं, नाही, मुद्दाम उभी केलीय. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो. पहिला सेल्फ नुसता फिरला, दुसऱ्याला इंजिनाने पकडलं, थोडं अडखळलं आणि लागलं. धुळ्यापर्यंत एकही झटका नाही. परतीच्या वाटेवर पारोळ्याला पुन्हा तसंच केलं, पुन्हा दुसऱ्या सेल्फला सुरू.

तो पहिला सेल्फ वाया जातो त्याचं कारण कार्बोरेटरखालची पट्टी असावी असा चाचांचा अंदाज आहे. तिला कडेला एक बारीक तडा आहे. नवी मिळाली की बसवून त्याच टपरीवर पुन्हा वीस मिनिटं उभी करणार आहे.